लिंबूटिंबू नको! सगळ्या मुलांना एकत्र खेळवताना या चुका टाळा

नवे क्रीडाशिक्षक किंवा सोसायटीतले उत्साही पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, दिव्यांग मुलांना घेऊन कुठले खेळ घ्यायचे? यादी द्या ना." अशी यादी माझ्याकडे नाही आणि मी ती करणारही नाही. लगोरी, विषामृत, डोंगर का पाणी, खो-खो, एवढे खेळ आयुष्यभर पुरतात. ते बिघडवतो आपण, मोठी माणसं, आणि दर वेळी त्याच त्या चुकांनी.

"त्याला आउट करू नका रे, तो लिंबूटिंबू आहे"

ही चूक मी स्वतः चार महिने केली, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

आमच्या संध्याकाळच्या मैदानावर नऊ वर्षांचा एक मुलगा यायचा. दोन्ही पायांत कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या. चालायचा, पण पळता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी बाकीच्यांना बजावलं, याला चेंडू लागला तरी चालेल, हा बाद नाही. मुलं शहाणी, त्यांनी लगेच ऐकलं. मला वाटलं, झालं काम.

एका संध्याकाळी लगोरी फुटली. हा ठिकऱ्या रचायला वाकला आणि चेंडू सणसणीत पाठीत बसला. त्याने हातातली ठिकरी खाली ठेवली आणि कडुलिंबाखाली बाद झालेली मुलं बसली होती तिकडे चालू लागला. मागून सगळी ओरडली, "अरे, तू बाद नाहीस! ये परत!" मीही ओरडले. तो वळलाच नाही. त्या मुलांच्या रांगेत, शेवटच्या मुलाला खेटून बसला. मी जवळ जाऊन हात धरून उठवलं, "तुला चालतं रे, ये," म्हणाले. आला. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस त्याचं पोट दुखत होतं.

ज्याला बाद करता येत नाही त्याला चेंडू मारण्यात कुणाला रस नसतो. त्याला पासही मिळत नाही, त्याच्यावर राज्यही येत नाही. चार महिने तो मुलांच्या मधोमध उभा होता, एवढंच. त्याच्यासाठी डाव कधी सुरूच झाला नव्हता.

आता आमच्याकडे सगळे बाद होतात. लगोरीत बदल एवढाच केला, की चेंडू जिथे अडवला तिथूनच उभ्याने मारायचा, चेंडू घेऊन धावायचं नाही. हा नियम सगळ्यांनाच. लगोरी फोडायला फक्कीने दोन रेघा आखतो. जवळच्या रेघेवरून फोडली तर १ गुण, लांबच्या रेघेवरून २. कुठे उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. तो मुलगा पुन्हा यायला लागला तेव्हा पहिल्याच डावात दुसरा बाद झाला आणि मारणाऱ्याशी कडाकडा भांडला, नेम चुकला होता म्हणून. त्या भांडणात मी पडले नाही.

नियम बदलला की खेळ खोटा होतो, असं म्हणणाऱ्यांनी अंधांचं क्रिकेट पाहावं. चेंडूत आवाज व्हावा म्हणून छर्रे असतात, तो हाताखालून टाकतात आणि पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली धाव दुप्पट धरतात. नियम लिखित आहे, सामन्याआधी दोन्ही संघांना माहीत आहे, त्यामुळे त्यात दया कुठे येत नाही. २०१२ साली बंगळुरूला अंधांचा पहिला टी-२० विश्वचषक भारताने जिंकला तो याच नियमांनी. तुमचे बदलही डावाच्या आधी, सगळ्यांसमोर, मुलांना विचारून करा. डाव चालू असताना एकट्यासाठी सूट दिली की तो लिंबूटिंबू झालाच.

बाद झालेल्यांना डाव संपेपर्यंत बसवून ठेवणं हीसुद्धा चूकच. जे मूल सगळ्यात हळू, तेच आधी बाद होतं आणि तेच जास्त वेळ बसतं. पुढचा गडी बाद झाला की आधीचा आत, असं आम्ही करतो. संगीत खुर्ची मी कधीच घेत नाही.

आणि गुण लिहायला बसवणं? तोही लिंबूटिंबूच, फक्त हातात वही दिलेला. गुण लिहायचे तर आळीपाळीने सगळ्यांनी.

खुर्ची मागून ढकलणं

मुरमाड मैदानावर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात. मोठी चाकं चालत राहतात, मागून ढकलणारा जोर लावतो आणि खुर्ची पुढे कलंडते. आमच्याकडे एका मुलीची हनुवटी अशीच फुटली. विषामृतात तिच्यावर राज्य होतं, मदत म्हणून एक दादा मागून पळत ढकलत होता आणि पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळीत चाक अडकलं. तीन टाके. त्या दादाला मी बोलले नाही. सकाळी मैदान बघायला हवं होतं ते मी.

तेव्हापासून खेळाआधी मैदानाला एक फेरी मारते. घळी बुजवायच्या, पाणी मारून रोलर फिरवायचा, खडे वेचायचे. वीस मिनिटं जातात आणि नव्या लोकांना नेमकी हीच वीस मिनिटं नको असतात. खुर्चीचा पट्टा लावल्याशिवाय डाव सुरू होत नाही. रुतणाऱ्या जागेतून जायचंच असेल तर खुर्ची उलटी फिरवून मोठ्या चाकांवर ओढत न्यावी. आणि मुलाला विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावू नये. ती त्याच्या अंगासारखीच आहे.

शिट्टीवर सगळा कारभार

कर्णबधिर मुलीला शिट्टी ऐकू येत नाही, हे सगळ्यांना समजतं. तरी शिट्टीच वाजते, आणि वर "तिचं लक्ष नसतं" अशी तक्रार. शिट्टीबरोबर लाल फडकं हलवा. नियम सांगताना सूर्य तुमच्या पाठीमागे नसावा, नाहीतर तुमचा चेहरा काळोखात जातो आणि ओठ वाचता येत नाहीत. ऊन डोळ्यांवर आपण घ्यायचं, मुलांच्या डोळ्यांवर यायला नको. खो-खोत तर अर्धं काम आधीच झालंय, खो पाठीवर हात लावूनच द्यायचा असतो. फक्त मुलं बोटं टेकवून पळतात. पूर्ण पंजा पाठीला लागला पाहिजे, हे घटवून घ्या. तिने खो दिला तर पंजा लागला की तो खो धरायचा, आवाजासाठी अडायचं नाही.

"डॉक्टरांनी पीटी बंद सांगितलीय"

अशी चिठ्ठी आली की पुष्कळ शिक्षक सुटकेचा श्वास टाकतात आणि मूल वर्षभर व्हरांड्यात बसतं. चिठ्ठी घ्या, पण पालकांना पुन्हा डॉक्टरांकडे एक प्रश्न घेऊन पाठवा: काय काय करता येईल? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगितली आहे, आणि दिव्यांग मुलांनाही तीच.

याच्या उलट, काहीच न विचारता खेळवणं जास्त धोक्याचं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय त्यांना कोलांटउड्या नकोत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, मुलं वर्गावर्गात सापडतात. त्यांना मागतील तेव्हा पाणी, कडक उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत खेळ नाही, दमलो म्हणाली की लगेच विसावा. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात वर्गात राहून चालत नाही, तो मैदानाच्या कडेला हवा.

थोडक्यात आणखी काही

दोन कप्तान नेमून गडी निवडायला लावू नका. शेवटी कोण उरतं ते तुम्हाला माहीत आहे. चकून घ्या.

घुंगरांचा चेंडू मिळेपर्यंत थांबू नका. साधा चेंडू कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला की अंध मुलाला तो ऐकू येतो. फेकताना बाकीच्यांनी गप्प राहायचं, हे मात्र शिकवावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात.

पहिल्याच महिन्यात पदकाची स्वप्नं नकोत. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, ५० मीटर पोहण्यात सुवर्ण मिळवलं, ती गोष्ट मी मुलांना आवडीने सांगते. पण दर संध्याकाळी घामाघूम होऊन घरी जाणं हेही खेळणंच आहे.

खेळ एकदम थांबवू नका. स्वमग्न मुलाला अचानक बदल सोसत नाही. पाच मिनिटं आधी सांगा, मग "शेवटचा डाव" म्हणा, आणि तो शेवटचाच ठेवा. बाकीची मुलं "ताई, अजून एकच" म्हणून हाताला लोंबकळतात, मोह होतो. पण त्या मुलाने तुमचा शब्द खरा धरून चपला घातलेल्या असतात.