पेलेट भट्टी धूर करायलीय? मेकॅनिकला फोन लावण्याआधी या चुका टाळा

लातूरच्या मेस, सोलापूर-धुळे महामार्गावरचे ढाबे, भूम-वाशीकडच्या खवा भट्ट्या, तालुक्याच्या गावातली मंगल कार्यालयं. मराठवाड्यात पेलेट भट्टी, म्हणजे लाकडाचा भुसा नाहीतर पिकांचं काड दाबून केलेल्या लहान कांड्यांवर (पेलेटवर) चालणारी भट्टी, आता अशा बऱ्याच ठिकाणी दिसते. व्यावसायिक सिलिंडर परवडेना आणि लाकूड वेळेवर मिळेना, म्हणून लोक इकडे वळले. सुरुवातीला मालक खूश असतो, कारण आच जोरात असते, धूर नसतो आणि भांडी काळी होत नाहीत. मग हळूहळू तक्रारी सुरू होतात. "भट्टी लवकर पेटंना", "धूर लई करायलीय", "पहिल्यासारखी आच राहिली नाही", "माल जास्त खायलीय". शेवटी भट्टी कोपऱ्यात जाते आणि मालक पुन्हा सिलिंडरवर येतो.

अशा बहुतेक भट्ट्यांचं यंत्र धडधाकट असतं. बिघाड सापडतो तो राखेत, हवेत नाहीतर ओलीत. गॅसची शेगडी चालू केली, बंद केली आणि विसरली की काम भागतं. पेलेट भट्टीत खरंखुरं लाकूड नाहीतर काड जळत असतं, फक्त पंख्याच्या हवेवर. ती रोज थोडं लक्ष मागते, आणि ते दिलं तर वर्षानुवर्षं चालते.

माल डोळे झाकून घेऊ नका

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पेलेट म्हणजे पेलेट, स्वस्त देईल त्याच्याकडून घ्यायचा, असं चालत नाही. लाकडाच्या भुशाचा चांगला पेलेट जळला की राख साधारण एक-दीड टक्का उरते. पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा त्याहून जास्त राख टाकतो. सोयाबीनच्या भुसकटाचा आणखी जास्त. त्यात भाताचं तूस मिसळलेलं असेल तर राखेचा हिशेबच सोडा, नुसत्या तुसात पंधरा ते वीस टक्के राख असते.

आपल्याकडे सोयाबीन रानातच मळणी यंत्रातून काढतात. भुसकटाचा ढीग मोकळ्या जमिनीवर पडतो आणि लोडरनं उचलताना खालची काळी माती सोबत येते. कारखान्यात चाळणी नीट नसेल तर ती माती पेलेटमध्ये दाबली जाते. वजन भरतं, पैसे तुम्ही देता आणि जळत मात्र काहीच नाही.

राख जास्त निघाली तर झाडून टाकता येते. खरा त्रास खंगराचा आहे. पिकांच्या काडात पोटॅश असतं, मातीत वाळू असते. दोन्ही एकत्र तापले की राख कमी तापमानालाच मऊ पडते आणि वितळून गोळा होते. भट्टी थंड झाल्यावर जाळीवर सळई मारून बघा. करडा-हिरवट, काचेसारखी चमक असलेला, छिद्राछिद्रांचा खडा निघाला तर तो खंगर. वीटभट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांसारखाच तो जाळीला घट्ट धरून बसतो. खालची छिद्रं बुजतात, हवा वर येत नाही, धूर सुरू होतो. मग आचारी पंख्याचा वेग वाढवतो. उरलेल्या दोन-चार छिद्रांतून हवा झोतासारखी येते, तेवढीच जागा जास्त तापते आणि खंगर आणखी वाढतो. मी पाहिलेल्या "बिघडलेल्या" भट्ट्यांपैकी कितीतरी फक्त जाळी खरवडून परत चालू झाल्या आहेत.

माल घेताना काय बघायचं? एक पेलेट हातात घेऊन मोडा. कट् आवाज करून तुटला पाहिजे. वाकला किंवा चुरगळला तर त्यात ओल आहे. ओल दहा टक्क्यांच्या आत हवी. पृष्ठभाग गुळगुळीत आणि थोडा चमकदार असावा. पाण्याच्या ग्लासात टाकला तर चांगला दाबलेला पेलेट तळाशी जातो आणि थोड्या वेळात फुगून त्याचा भुसा होतो. तरंगत राहिला तर दाब कमी पडलाय.

या सगळ्यापेक्षा खात्रीची परीक्षा म्हणजे राख मोजणं. नवीन गाडी उतरवून घेण्याआधी एक गोणी मागून घ्या. स्वच्छ झाडलेल्या भट्टीत दहा किलो पूर्ण जाळा आणि थंड झाल्यावर सगळी राख खंगरासकट वजनकाट्यावर ठेवा. तीनशे ग्रॅमच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. आठशे-नऊशेच्या पुढे गेली तर भाव कितीही कमी असू दे, नको म्हणा. दिवसाला पन्नास किलो पेलेट जाळणाऱ्या मेसमध्ये आठ टक्के राख म्हणजे रोज चार किलो. ती काढायला माणूस लागतो आणि ऐन जेवणाच्या वेळी भट्टी थांबवावी लागते. वाचवलेले पैसे तिथेच जातात.

वीज केंद्रांत कोळशासोबत पेलेट जाळायचं धोरण केंद्र सरकारनं 2021 मध्ये पक्कं केलं, तेव्हापासून बरेच कारखाने तिकडचा माल काढतात. मोठ्या बॉयलरला जास्त राखेचा, जाडसर माल चालून जातो, तुमच्या वीतभर जाळीला चालत नाही. विक्रेत्याला सरळ विचारा, हा माल कशाचा आणि कोणासाठी काढलाय. पेलेटची जाडीही भट्टीला सोसेल अशी, साधारण सहा ते दहा मिलिमीटर असावी.

चुरा भट्टीत टाकू नका

गोणीच्या तळाला जो भुगा राहतो, तो बहुतेक जण "वाया कशाला घालवायचा" म्हणून वरून ओततात. डब्याच्या शेगडीत, म्हणजे जिच्या डब्यात हातानं माल भरतात तिच्यात, हा भुगा पेलेटमधल्या फटी बुजवतो आणि हवा अडते. हॉपरवाल्या भट्टीत, म्हणजे जिथे पेटीतला (हॉपरमधला) माल फिरता स्क्रू आत ढकलतो तिथे, तो स्क्रूच्या नळीत साचून दाबला जातो आणि स्क्रू अडकतो. मग मोटर गुणगुणते पण माल पुढे सरकत नाही. अशा वेळी मोटर चालू ठेवून सळईनं ढोसू नका. वीज बंद करा, हॉपर रिकामं करा आणि नळी साफ करा. धान्याची चाळणी भट्टीजवळ टांगून ठेवा, गोणी फोडली की आधी चाळा. चुरा शेणात कालवून गोवऱ्या थापता येतात, काहीच वाया जात नाही.

हवा दोन ठिकाणाहून येते, दोन्ही बघा

जाळीखालून येणारी हवा पेलेट पेटवते. त्यातून निघणारा धूर म्हणजे जळायचा राहिलेला गॅसच असतो. डब्याच्या वरच्या कडेला जी बारीक छिद्रांची ओळ असते, तिथून येणारी हवा तो गॅस जाळते. लोक खालची राख काढतात आणि वरची छिद्रं विसरतात. उतू गेलेलं दूध, वरणाचा फेस, तेल, काजळी यांनी ती हळूहळू बंद होतात. खाली निखारे लालभडक, तरी वर धूर, असं दिसलं तर आधी तीच तपासा. सायकलच्या आऱ्याच्या तुकड्यानं एकेक छिद्र मोकळं करा. छिद्रं मोठी मात्र करू नका, हवेचा हिशेब बिघडतो.

ज्योत बघायची सवय आचाऱ्याला लावा. केशरी, सुस्त, टोकाला काळी धूसर ज्योत म्हणजे हवा कमी. फुर्र आवाज, ठिणग्या उडणं, पेलेटचे कण वर फेकले जाणं म्हणजे हवा जास्त, आणि तेव्हा अर्धी उष्णता धुराड्यातून बाहेर जाते. उजळ पिवळी, छिद्रांपाशी आत वळणारी ज्योत ही बरोबर.

कढई थेट भट्टीच्या तोंडावर बसवणं ही नेहमीची चूक. जळालेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. भांड्याखालचे तीन खुंट झिजले किंवा वाकले असतील तर वेल्डरकडून परत लावून घ्या.

डब्याच्या शेगडीत आणखी एक गोष्ट सांभाळायची. ज्योत संपून नुसते निखारे उरले असताना वरून घमेलंभर पेलेट ओतू नका. नवीन माल तापून गॅस सोडतो, तो पेटवायला ज्योतच नसते, आणि सगळं स्वयंपाकघर धुरानं भरतं. ज्योत असतानाच मूठमूठ टाका, नाहीतर डबा रिकामा करून नव्यानं भरा आणि वरून पेटवा. पेटवायला पऱ्हाटीच्या बारीक काड्या आणि कापूर पुरतो. पेट्रोल कधीच नाही, आणि गरम भट्टीत रॉकेल-डिझेलही नाही. त्याची वाफ होते आणि काडी लावताच तोंडावर भडका येतो.

खवा भट्टीवाल्यांसाठी वेगळं

म्हशीच्या चार-पाच लिटर दुधामागं किलोभर खवा पडतो. सुरुवातीला जेवढी आच द्याल तेवढी कमीच वाटते. शेवटी मात्र दूध घट्ट होऊन कढईच्या कडा सोडायला लागतं, तेव्हा आच पटकन उतरावी लागते. गॅसचा कॉक फिरवला की काम होतं, इथे पंखा बंद केला तरी निखाऱ्यांची धग बराच वेळ राहते. त्यामुळेच "पेलेटवर खवा करपतो" अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. उपाय साधा आहे. दूध रबडीसारखं व्हायच्या आधीच पेलेट टाकणं थांबवा, पंखा एकेक पायरी खाली आणा आणि शेवटचं ढवळणं निखाऱ्यांवर करा. हात बसायला चार-सहा कढया जातात. एकदा बसला की दाणा छान पडतो आणि रंगही पांढरा राहतो.

पावसाळ्यात गोण्या भिंतीला टेकवू नका

पेलेटला पाण्याचा थेंबही सोसत नाही, ओल ओढून तो फुगतो आणि भुसा होतो. फरशीवर थेट ठेवलेली खालची गोणी वरून कोरडी दिसते आणि आतून गेलेली असते. वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा, पत्रा गळतोय का ते मृगाच्या आधी बघा. फोडलेल्या गोणीतला माल झाकणाच्या पिंपात ओता. जून ते सप्टेंबर एकदम चार महिन्यांचा साठा करण्यापेक्षा पंधरा दिवसांचा घेतलेला बरा. ओला पेलेट वाळवून परत वापरता येतो ही समजूत सोडा. उन्हानं ओल जाईल, तुटलेला दाब परत येत नाही.

धुराडं

आडवा पाइप जितका लांब आणि कोपरे जितके जास्त, तितका धूर मागे येतो. शक्यतो सरळ वर न्या, पत्र्याच्या माथ्यापेक्षा दोन-तीन फूट उंच काढा आणि वर टोपी बसवा. ओला माल मंद आचेवर जाळला की आत डांबरासारखा काळा थर बसतो आणि हा थर पेट घेऊ शकतो. महिन्यातून एकदा ब्रश फिरवा. सुट्टीनंतर भट्टी लावताना आत पाखरांचं घरटं नाही ना, तेही बघा.

राखेच्या दाराचं सील तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथून हवा गळतेय आणि काचतंतूची दोरी बदलायला झाली आहे. चारही बाजूंनी करून बघा.

लाइट गेली की

पंखा थांबला की ज्योत विझते आणि धूर सुरू होतो. त्याहून वाईट म्हणजे उष्णता मागे येऊन पंख्याचं प्लास्टिक वितळतं, हॉपरमधला मालही धुमसू शकतो. बारा व्होल्टचा पंखा असेल तर बॅटरी कायम जोडलेली ठेवा. जोडताना लाल-काळी वायर उलटी होऊ देऊ नका. काही पंखे उलटे फिरून हवा कमी देतात, काही जळून जातात. पंख्याच्या पात्यांवर पीठ आणि तेलकट धूळ बसते, आठवड्याला कोरड्या ब्रशनं झाडा. हॉपरचं झाकण नेहमी लावलेलं हवं.

जिवाशी खेळ करू नका

ही गोष्ट मी प्रत्येक मालकाला सांगतो आणि पुन्हा सांगतो. थंडीत रात्री काम आटोपल्यावर पोरं निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेतात आणि दार लावून झोपतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. तुमच्याकडे कामाला असलेली पोरं कुणाच्या तरी घरची आहेत. त्यांना ब्लँकेट द्या आणि शेगडी बाहेर ठेवायला लावा. स्वयंपाकघरात काम करताना दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर ताबडतोब सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा.

राखेत निखारा रात्रभर जिवंत राहू शकतो. ती लोखंडी बादलीत काढा, झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी टाका. कडब्याच्या गंजीजवळच्या उकिरड्यावर तर कधीच नाही. राखेत पोटॅश असतं म्हणून ती शेतात टाकतात, ते ठीक आहे. पण आपली काळी जमीन मुळातच विम्लतेकडे (आम्लतेच्या उलट) झुकलेली असते, त्यामुळे एकाच जागी ढीग लावू नका, पातळ पसरा.

"माल जास्त खायलीय" हे आधी तपासा

19 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण दोन लाख नऊ हजार किलोकॅलरी उष्णता असते. चांगल्या पेलेटमध्ये किलोला 3,800 च्या आसपास. नुसत्या उष्णतेचा हिशेब केला तर एका सिलिंडरला 55 किलो पेलेट. पण भट्टीतून उष्णता जास्त वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात 70 ते 80 किलो धरा. तेवढ्यात काम होत असेल तर तुमची भट्टी ठीक आहे, आणि भावाची तुलनाही याच आकड्यावर करा. शंभर किलोच्या पुढे जात असेल तर वर सांगितलेली छिद्रं, सील, राख आणि ओल याच क्रमानं बघत जा.

हे सगळं करूनही आच येत नसेल, तर आतल्या डब्याचा पत्रा बघा. काडाच्या पेलेटमध्ये क्लोरीन असतो, त्यानं पत्रा लवकर गंजतो आणि पातळ होतो. जाळी वाकलेली, डब्याला भोक पडलेलं किंवा पंख्याच्या बेअरिंगचा खरखर आवाज, यातलं काही दिसलं तर मात्र मेकॅनिकला बोलवा. येताना त्याच मापाची जाळी घेऊन यायला सांगा आणि आणखी एक जादा घेऊन ठेवा, लग्नसराईत ती बाजारात शोधायला वेळ नसतो.