पेढीची जुनी घरगुती पत्रं तारखेनं कशी लावावीत

व्यापारी घराण्याची जुनी पत्रं हाती आली की बहुतेक जण आधी दोन ढीग करतात, धंद्याची पत्रं वेगळी आणि घरची वेगळी. असं करू नका. ज्या पत्रात कापसाचा भाव आणि हुंडी (पैसे देण्याची व्यापारी चिठ्ठी) सकारल्याची, म्हणजे स्वीकारल्याची, खबर असते, त्याच्याच शेवटच्या चार ओळींत मुलीच्या सोयरिकीची बोलणी असतात. लग्न ठरलं म्हणून उधारी वसुलीची घाई होते आणि येणं अडकलं म्हणून लग्न पुढं ढकललं जातं. ढीग वेगळे केले की हा दुवा तुटतो. पत्रं लावायची ती फक्त तारखेनं.

गठ्ठा सोडण्याआधी फोटो काढा. गंजलेल्या टाचण्या काढा आणि प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घाला. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन सुचवणाऱ्याचं ऐकू नका. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण शब्दाला शब्द. ‘सारांश’ घेऊ नका.

आता खरं अवघड काम. मीही सगळ्यात जास्त इथंच अडखळलो. निम्म्या पत्रांवर वर्षच नसतं. ‘मिती फाल्गुन वद्य ७ मंदवार’ एवढंच असतं, कारण वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच होतं. मंदवार म्हणजे शनिवार, भृगुवार म्हणजे शुक्रवार, सौम्यवार म्हणजे बुधवार, भौमवार म्हणजे मंगळवार. जंत्री, म्हणजे अनेक वर्षांच्या तिथी-तारखांचं कोष्टक, उघडून त्या तिथीला तो वार कोणत्या वर्षी येतो ते पाहा. वीस वर्षांच्या टप्प्यात साधारण तीनच वर्षं जुळतात. पंचांगापंचांगात एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून शेजारचा वारही तपासा. ‘अधिक’ किंवा ‘निज’ (अधिकानंतरचा त्याच नावाचा नेहमीचा) महिना लिहिलेला असेल तर काम फार सोपं होतं, कारण ठरावीक महिना क्वचितच अधिक येतो.

शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या पत्राला ७९. हे सगळे सांगतात, पुढचं कोणी सांगत नाही. मारवाडी आडत्याचं (दलालीवर माल विकणाऱ्याचं) पत्र असेल तर त्याचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला फाल्गुन वद्य हा त्याचा चैत्र वदी असतो. ही गोष्ट सुटली की उत्तर पत्राच्या आधी जाऊन बसतं आणि सगळा व्यवहार उलटा दिसतो. गुजराती पेढीचा विक्रम संवत दिवाळीनंतर बदलतो, म्हणून चैत्र ते आश्विन या काळात तो मारवाड्याच्या चैत्री संवतापेक्षा एकानं कमी असतो. पत्र कुणाचं ते ठरवल्याशिवाय तारखेला हात लावू नका.

उरलेली दोन-तीन वर्षं मायन्यावरून गाळा. आजवर ‘सौ. वहिनी’ असलेल्या बाई एका पत्रात ‘गं. भा.’ झाल्या, तर त्यांचे यजमान मधल्या काळात गेले. ते कळवणारं पत्र शोधत बसू नका. अशुभाचं पत्र वाचून फाडून टाकायची रीत होती. त्याच सुमारास हुंड्या मुलाच्या नावानं येऊ लागल्या का, तेही पाहा. पोस्टकार्ड असेल तर ते १८७९ च्या आधीचं असूच शकत नाही. पाकिटं टाकू नका, टपालाच्या शिक्क्यावर इंग्रजी तारीख मिळते.

शेवटचा पुरावा रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, असतो. पत्रातली रक्कम तिथल्या जमा-नावेशी ताडून पाहा. मात्र उभ्या रेघा विरामचिन्हं समजून सोडू नका. ५। म्हणजे सव्वापाच, ५।। म्हणजे साडेपाच, ५।।। म्हणजे पावणेसहा. पुढच्या आडव्या रेघा आण्यांच्या. पावणेसहा रुपयांची नोंद त्या तिथीला सापडली की वर्ष पक्कं.

मग प्रत्येक पत्राला वहीत एक ओळ द्या: कुणाचं, कुणाला, मायना, रक्कम, घरची खबर. खबर आणि रक्कम शेजारी-शेजारी हव्यात. वर्ष न ठरलेली पत्रं अंदाजानं मध्ये घुसवू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर शक्यतेतली वर्षं पेन्सिलीनं लिहा.