निळी जिन आधीच जांभळी होत होती

जादूच्या थीमची पार्टी. वाळवलेली गोकर्णाची फुलं जिन या मद्यात भिजवली, गडद निळा रंग उतरला. पण टॉनिक वॉटर (जिनमध्ये मिसळतात ते कडवट, फसफसतं पेय) ओतताच सगळं जांभळं. पाहुण्यांसमोर लिंबू पिळायचं नाटक फुकट! टॉनिकमध्येच सायट्रिक आम्ल असतं, आणि गोकर्णातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लाने निळ्याचं जांभळं, आणखी आम्ल मिळालं की गुलाबी होतं.

मग क्रमच उलटा केला. ग्लासच्या तळाशी लिंबूरस घातलेला साखरेचा घट्ट पाक, वर भरपूर बर्फ, त्यावर गार पाणी मिसळलेली निळी जिन, चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू. पाक जड, तळाशीच राहतो. टॉनिकला सुट्टी. ढवळायचं काम पाहुण्याचं. मुलांसाठी फुलं गरम पाण्यात भिजवून गार केली. रंग तोच, जिन नाही.