केसाळ छातीवर स्टेथोस्कोप लावताना

छातीवर दाट केस असले की ते डायफ्रामखाली, म्हणजे स्टेथोस्कोपच्या छातीवर टेकवायच्या चपट्या चकतीखाली, घासले जातात आणि चुरचुर ऐकू येते, अगदी फुप्फुसातल्या क्रेपिटेशन्ससारखी (आजारात श्वास घेताना फुप्फुसातून येणारे चुरचुर आवाज). नव्या इंटर्नची इथे हमखास फसगत होते.

ओल्या कापसाने तेवढ्या जागेवरचे केस भिजवून चपटे करा. डायफ्राम घट्ट दाबून धरा, नळी कपड्यांना घासू देऊ नका. मग पेशंटला तोंड उघडं ठेवून खोल श्वास घ्यायला सांगा. चुरचुर गेली तर ती केसांची होती. तरी शंका वाटली तर पाठीवर ऐका. तिथे केस सहसा कमी, आणि फुप्फुसाच्या तळाचे आवाज तसेही पाठीवरूनच चांगले कळतात.

मात्र सलग खोल श्वास घ्यायला लावू नका, चक्कर येते. वयस्कर पेशंटला मध्ये थांबू द्या.