पोट साफ करायचंय? एरंडेल राहू दे बाजूला, आधी हे वाचा

मे महिन्यात शाळेला सुट्टी पडली की आमची आज्जी एक रविवार ठरवून ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या चहातनं एरंडेल, नाक दाबून एका दमात गिळायचं आणि मग दुपारपर्यंत परसाकडच्या वाऱ्या. खानापूर काय नि निपाणी काय, आपल्या पिढीतल्या कुणालाही विचारा, ती चव सांगतोय बघा.

आता त्याचंच नाव डिटॉक्स झालंय आणि पाकीट महाग. वेड तसं जुनंच हं, इजिप्तच्या इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकीच्या गुंडाळीत एनिमा आहे, आपल्या चरकसंहितेत बस्ती (म्हणजे एनिमाच) नि विरेचन (जुलाब देणं) आहे. नंतर युरोपात डॉक्टरांनी काढलं की आतड्यात अन्न सडतं, त्याचं विष रक्तात भिनतं, आणि लंडनचा आर्बथनॉट लेन नावाचा सर्जन तर बद्धकोष्ठवाल्यांचं मोठं आतडंच कापून काढायचा! १९१९ साली अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरनं मांडलं की बद्धकोष्ठातली सुस्ती, डोकेदुखी विषामुळं नाही, मळानं आतडं ताणतं म्हणून होते. तरी धंदा काय थांबला नाही.

जुलाबानंतर हलकं वाटतं हे खरं, पण गेलं ते पाणी आणि साचलेलं, दोन दिवसात वजनाचा काटा परत जागेवर. आतड्याला मळाचा थर चिकटून बसतो म्हणतात तेही खोटं, आतलं अस्तर चार-पाच दिवसात नवं होत असतंय.

मग करायचं काय? ज्वारीची भाकरी, शेंगा-पावट्याची उसळ, पालेभाजी रोज, नाचणीची आंबील मिळाली तर सोन्याहून पिवळं. दिवसाला २५-३० ग्रॅम फायबर, म्हणजे अन्नातला चोथा, पोटात गेलं पाहिजे, पण एकदम नको, आठवड्या-आठवड्यानं वाढवा, नाहीतर गॅसनं घरातली माणसं पळतील. पाणी भरपूर. नाष्टा-चहानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हाच दहा मिनिटं बसा, मोबाईल बाहेर ठेवून. कमोड असला तर पायाखाली पाट घ्या.

एवढ्यानं नाही भागलं तर रात्री इसबगोल, एक-दोन चमचे भरल्या ग्लासात ढवळून लगेच प्यायचं. कोरडं तोंडात टाकून वरनं घोटभर पाणी असलं काय करू नका, घशात फुगून अडकतं. दुसऱ्या गोळ्या असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा.

शंखप्रक्षालन, म्हणजे कोमट मिठाचं पाणी पिऊन आसनं, यूट्यूब बघून घरी नकोच, बीपी, किडनी, हार्टवाल्यांनी तर मुळीच नाही. पोटुशी बाई असली तर एरंडेलही नको.

रक्त पडतंय, वजन उतरतंय, किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदललीय? मग इसबगोलही ठेवा बाजूला, सरळ डॉक्टरकडं जा की, लाजताय कशाला.