सग्रादा फामिलियाचं तिकीट काढताना
नाशिकहून बार्सिलोनाला निघालेल्यांनी सग्रादा फामिलिया या तिथल्या भव्य चर्चचं तिकीट इथूनच ऑनलाइन काढावं. त्यावर आत शिरायची वेळ ठरलेली असते. वेळ निवडताना ऊन कुठून येईल ते बघा. सकाळी पूर्वेच्या रंगीत काचांतून निळा-हिरवा उजेड उतरतो, कलत्या दुपारी पश्चिमेकडून केशरी-लाल, आणि दगडी खांब अक्षरशः रंगून निघतात. मला दुपारच जास्त भावली.

मनोऱ्याचे जादा पैसे पडतात. वर लिफ्ट नेते, पण उतरायला शंखासारखा अरुंद गोल जिना आहे. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर मनोरा सोडाच. गाईडचं इंग्रजी झेपत नसेल तर ऑडिओ गाईड घ्या, हवं तिथे थांबवून पुन्हा ऐकता येतं. तो मोबाईलच्या ॲपवर चालतो, म्हणून इअरफोन विसरू नका.