घरच्या कॉकपिटसाठी रडर पेडल: प्लायवूड, चार बेअरिंगं आणि एक दोरा

रडर पेडल म्हणजे सिम्युलेटरमधल्या (संगणकावर विमान उडवण्याच्या प्रोग्रॅममधल्या) विमानाचं नाक पायाने डावी-उजवीकडे वळवण्याचं साधन. ते घरी करायचं म्हटलं की आधी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि प्रोग्रॅमची चिंता लागते. खरं तर तो भाग तासाभरात उरकतो. पेडल चांगली झाली की नाही हे ठरतं मधल्या बोल्टवर. पाय अर्धा सेंटिमीटर सरकला तरी पडद्यावर काहीच हललं नाही, तर विमान धावपट्टीवर नागमोडी पळणार, कारण रडरचा बहुतेक वापर मध्याच्या आसपासच होतो. म्हणून पैसे आणि मेहनत दोनच जागी घालावी: प्ले (सैलपणामुळे होणारी रिकामी हालचाल) नसलेला पिव्हट, म्हणजे पट्टी ज्यावर फिरते तो सांधा, आणि सेन्सरला भरपूर फिरवणारी जोडणी. बाकी सगळं भंगारातलं चालतं.

मापं

पायथ्याला १८ मिमी प्लायवूड, ५० × ४५ सेंमी. त्यावर एकमेकींना समांतर दोन आडव्या पट्ट्या: कठीण लाकूड, ३६ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, २५ मिमी जाड. दोन्ही पट्ट्या मध्यावर पायथ्याशी जोडलेल्या, एकीच्या मध्यापासून दुसरीचा मध्य १२ सेंमी. मध्यापासून १५ सेंमीवर दोन्ही बाजूंना भोकं पाडून त्यांत पुढेमागे जाणाऱ्या दोन जोडपट्ट्या बसवायच्या. त्यांचीही भोकं बरोब्बर १२ सेंमी अंतरावर. असा समांतरभुज चौकोन झाला की डावं पेडल पुढे गेलं की उजवं तेवढंच मागे येतं, आणि पाऊल न वळता सरळ राहतं. एकच आडवी पट्टी वापरूनही काम चालतं, पण मग टोकाला पेडल २० अंशांनी तिरकं होतं आणि घोटा दुखू लागतो.

हालचाल दोन्हीकडे २० अंश पुरे. १५ सेंमीच्या हातावर ती साधारण ५ सेंमी होते.

चारही जोडपट्ट्या-आडव्या पट्ट्यांची भोकं स्वतंत्र मोजून पाडू नयेत. सारख्या पट्ट्या एकावर एक शिकंज्यात धरून एकदमच ड्रिल करावं. अंतरात एक मिलिमीटरचा फरक पडला तरी चौकोन टोकाला अडकतो.

मधला पिव्हट

इथे ६०८ क्रमांकाची बेअरिंगं वापरावीत: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. स्केटच्या चाकातली हीच. प्रत्येक आडव्या पट्टीला दोन, म्हणजे एकूण चार. पट्टीच्या वरून आणि खालून २२ मिमी व्यासाचा, ७ मिमी खोल खड्डा करावा; मधलं आरपार भोक १४ मिमीचं.

आता नेमकी इथेच चूक होते. एम८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट आवळला की दोन बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्यांवर आडवा दाब येतो आणि पट्टी जड फिरते. मग नट सैल करावा, तर प्ले येतो. उपाय म्हणजे दोन्ही आतल्या कड्यांच्या मध्ये नळीचा तुकडा. पट्टी २५ मिमी, दोन बेअरिंगं मिळून १४, तेव्हा नळी ११ मिमी. आतून ८, बाहेरून १२ मिमीपर्यंत. ती केसभर लांब कापून कानशीने घासत आणावी. आखूड झाली तर नवीनच कापावी. पट्टी आणि पायथा यांच्यामध्येही रुंद वॉशर नको, तो बेअरिंगच्या झाकणाला घासतो. साधा एम८ नट स्पेसर म्हणून घालावा. वरून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा).

कोपऱ्यांच्या चार जोडांना एम६ बोल्ट, नायलॉन वॉशर आणि नायलॉक नट पुरतात. बोल्टची डोकी खालून लाकडात बुडवावीत आणि आडव्या पट्ट्यांच्या टोकांखाली, पायथ्याला जेमतेम टेकतील अशा नायलॉनच्या चकत्या लावाव्यात. पाय पेडलच्या वरच्या भागावर जोर देतो, त्याने सगळा सांगाडा पुढे झुकतो. तो भार या चकत्या घेतात.

पेडल म्हणजे १२ मिमी प्लायचा १० × २२ सेंमीचा तुकडा, थोडा मागे कलता, दोन लोखंडी एल-पट्ट्यांनी जोडपट्टीवर घट्ट बसवलेला. यात फार डोकं घालवायला नको.

स्प्रिंग आणि अडसर

ताणाच्या दोन सारख्या स्प्रिंगा पुढच्या पट्टीला मध्यापासून १० सेंमीवर, एक डावीकडे एक उजवीकडे अडकवाव्यात; दुसरी टोकं पुढे पायथ्याला. २० अंशांना तिथली हालचाल ३.४ सेंमी होते. म्हणजे मध्यावर असतानाच प्रत्येक स्प्रिंग किमान ४ सेंमी ताणलेली हवी. मोकळी लांबी ८ सेंमी असेल तर १२ पर्यंत ओढून लावा: एका टोकाला ती साडेपंधराच्या जवळ जाईल, दुसऱ्या टोकाला ८.६ वर येईल, तरी सैल पडणार नाही. ताण कमी ठेवला तर एक स्प्रिंग लोंबते, आकडा खडखडतो आणि मध्य सापडत नाही.

पाय काढल्यावर पेडल मध्याच्या थोडं अलीकडेच थांबत असेल, तर लगेच जाड स्प्रिंग आणू नका. आधी स्प्रिंग सोडून पट्टी बोटाने फिरवून पाहा. बहुतेक वेळा दोष घासणाऱ्या जोडात असतो.

अडसर म्हणून पायथ्यात रबरी नळी चढवलेले बोल्ट, पट्टीच्या टोकांजवळ. मध्याजवळ लावले तर लाथेच्या जोराने पट्टी वाकते. अडसर न लावणं म्हणजे पोटेन्शिओमीटरलाच (दांडा फिरवला की व्होल्टेज बदलणारा सेन्सर, पुढे नुसतं ‘पोट’) अडसर करणं. तो आठवडाभरही टिकत नाही.

सेन्सर

१० किलोओहमचा लिनियर पोटेन्शिओमीटर घ्यावा, ज्यावर सहसा बी१०के असं छापलेलं असतं. ऑडिओ प्रकारचा घेतला तर एका बाजूला रडर संथ आणि दुसऱ्या बाजूला एकदम तिखट लागतो.

पोट थेट मधल्या बोल्टवर बसवण्याचा मोह होतो, पण हिशोब पाहा. पोट सुमारे २७० अंश फिरतो, पेडल ४० अंश. बोर्ड पोटची पूर्ण फेरी ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो; त्या १०२३ पायऱ्यांपैकी जेमतेम १५० हाती लागतात, आणि त्यातल्या दोन-तीन तर नुसत्या थरथरीत जातात. म्हणून दोरा. पट्टीवर मध्यापासून ६ सेंमीवर दोरा बांधा, पोटच्या दांड्यावर २० मिमी व्यासाची चकती बसवून तिला एक वेढा द्या, आणि दुसरं टोक हलक्या स्प्रिंगने पायथ्याला ताणून ठेवा. दोरा दोन्हीकडे साधारण २ सेंमी सरकतो, चकती सुमारे ११७ अंश फिरते. दोन्ही मिळून २३४. पायऱ्या जवळपास ८९०. दोरा विणलेला, न ताणणारा हवा. मासेमारीचा एकेरी पारदर्शक धागा रबरासारखा ताणतो. वेढे एकमेकांवर चढले तर वाचन उड्या मारतं, तेव्हा चकतीला खाच पाडावी.

कोपऱ्याच्या जोडात थोडा प्ले राहिलाच तर तो पायाला जाणवेल, सेन्सरला नाही, कारण दोरा आडव्या पट्टीवरच बांधलेला आहे. जोडपट्टीवरून वाचन घेऊ नये ते यासाठीच.

झिजणारा पोट नकोच असेल तर एसएस४९ई हा लिनियर हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा) वापरता येतो. दोन निओडिमियम चुंबक विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवून पट्टीसोबत फिरवायचे, सेन्सर मध्ये स्थिर. मध्यावर सेन्सरची चपटी बाजू चुंबकीय रेषांना समांतर असली की साधारण अडीच व्होल्ट मिळतात. जवळपास लोखंडी स्क्रू नकोत, पितळी वापरा. आणि ए३१४४ घेऊ नका; तो दिसतो तसाच, पण नुसता चालू-बंद होणारा स्विच आहे.

बोर्ड

३२यू४ चिपचा बोर्ड घ्या, म्हणजे आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. तो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. ऊनो आर३ तसा दिसत नाही. पोटची बाहेरची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं ए० पिनला. मधलं टोक आणि ग्राउंड यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बोर्डाच्या जवळ. डावं-उजवं उलटं आलं तर बाहेरच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

प्रो मायक्रो ३.३ आणि ५ व्होल्ट अशा दोन प्रकारांत येतो. प्रोग्रॅम चढवताना चुकीचा प्रकार निवडला तर संगणक बोर्डाला ओळखेनासा होतो. बोर्ड मुळातच दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. नुसत्या चार्जिंगच्या केबली पुष्कळ असतात.

प्रोग्रॅममध्ये जॉयस्टिक लायब्ररी घेऊन फक्त झेड-रोटेशनचा अक्ष (एका हालचालीचं वाचन संगणकाला पाठवणारी वाट) चालू ठेवा. लायब्ररी मुळात बटणं आणि सगळेच अक्ष जाहीर करते. बंद न केलेला एखादा अक्ष सिम्युलेटरने आपोआप ब्रेकला जोडला, की विमान जागचं हलत नाही आणि दोष पेडलला दिला जातो. आठ वाचनांची सरासरी पाठवा. बत्तीस-चौसष्ट घेतली आणि वर प्रत्येक वाचनानंतर थांबा घातला, तर पायामागून रडर उशिरा येतो.

पेडल मध्यावर धरून चकती वाचन ५१२ च्या आसपास येईल अशी फिरवा, मगच तिचा स्क्रू आवळा. त्यानंतर विंडोजमध्ये कॅलिब्रेशन (मध्य आणि दोन्ही टोकं ओळखवणं), आणि सिम्युलेटरमध्ये ऑटो-रडर (रडर आपोआप चालवणारी सोय) बंद. डेड झोन (मध्याजवळची जी हालचाल सिम्युलेटर मोजत नाही ती) २ ते ३ टक्के. त्याहून जास्त लागत असेल तर दोष यांत्रिक आहे, तो सेटिंगमध्ये लपवू नका.

चाचणीला सेसना १७२ घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या. नाक डावीकडे जाऊ लागेल. उजव्या पेडलवर हलका, न बदलणारा दाब ठेवून ते मध्यरेषेवर राहिलं पाहिजे. सारखं डावं-उजवं करावं लागत असेल तर दोऱ्याचा ताण आणि मधला नट पुन्हा तपासा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: चाकांची खुर्ची. पेडल दाबलं की खुर्चीच मागे पळते. पायथ्याखाली रबरी चटई लावा आणि पायथा व खुर्चीचा दांडा यांना न ताणणाऱ्या पट्ट्याने एकत्र बांधा.